उलटा अर्थ

"गाडी चढावर धापा टाकते. येऊन बघून जा," एवढंच थोरला फोनवर बोलला. नऊ वर्षांनी सख्ख्या भावाला केलेला फोन, आणि त्यात ना 'कसा आहेस', ना 'अप्पांना बरं आहे'. धाकट्यानेही नुसतं "येतो" म्हणून फोन ठेवला. दोघंही एकाच बापाची पोरं. यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते.

आता धाकटा हत्यारांची पेटी घेऊन गॅरेजच्या दारात उभा होता आणि थोरला त्याला अटी सांगत होता.

"संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. चढावर चालवून बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणतोय. तोवर इंजिनाचं हे अडखळणं, मिसिंग, गेलं पाहिजे. आणि हे बघ, काचेच्या आत जायचं नाही."

काचेच्या आत म्हणजे कोपऱ्यातल्या केबिनमध्ये. पक्षाघातानंतर अप्पांना वर राहत्या घरात चढवणं शक्य नव्हतं, म्हणून टेबल भिंतीला सरकवून तिथेच पलंग टाकला होता. जिथे बसून त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, तिथेच आता ते चाकांच्या खुर्चीत एका कुशीला कलून बसलेले असत.

"मी बोलत नाही काही. नुसतं एकदा..."

"त्यांनी नाही म्हटलंय," थोरला म्हणाला. "हॉस्पिटलात विचारलं, घरी आणल्यावर विचारलं. मी विचारलं, आईने विचारलं. त्याला बोलावू का? नाही. दर वेळी नाही. मी माझ्या मनाचं सांगत नाहीये."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. धाकट्याने मान डोलावली आणि पेटी खाली ठेवली.

त्याला त्या नकाराचं कारण ठाऊक होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. इतकी वर्षं तो फोन करायचा तेव्हा आई उचलायची, "सांगते हो त्यांना" म्हणायची, आणि अप्पांकडून कधी उलट फोन यायचा नाही. मग एका सकाळी चुकून अप्पांनीच उचलला. याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते भांडणाचं: "अप्पा, मी इतके फोन केले, तुम्ही एकदाही बोलला नाहीत!" पलीकडे शांतता. मग रिसीव्हर आदळल्याचा आवाज. अप्पांनी फोन आपटला असं त्याला वाटलं. दोन दिवसांनी कळलं, की फोन आपटला नव्हता, माणूसच कोसळला होता. आपल्या आवाजाने बाप पडला, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

गाडीवरची ताडपत्री त्याने ओढून काढली. ब्रिटिश बनावटीची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. मुलं जन्मायच्या आधी अप्पांनी ती भंगारातून उचलली होती, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे घरातलं पहिलं अपत्य तीच. तिचा एक हट्ट घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. इतर गाड्यांत बॅटरीचं वजा टोक बॉडीला जोडतात, हिच्यात अधिक टोक. बॉडीला जाणाऱ्या जोडणीला गॅरेजात सगळे अर्थ म्हणत, म्हणून ही 'उलट्या अर्थाची' गाडी. धाकटा लहानपणी 'बस' म्हटलं की उठायचा आणि 'ऊठ' म्हटलं की बसायचा, तेव्हा अप्पांनी तेच बिरुद त्यालाही चिकटवलं होतं. "हा पण उलट्या अर्थाचा. सरळ तारा लावून चालायचा नाही."

"नवीन काय काय टाकलंस?" त्याने थोरल्याला विचारलं.

"प्लग, वायरी, कॉइल. सगळं नवं."

"बॅटरी?"

"अधिक बॉडीला. मला काय दूधखुळा समजलास?"

दोघे गाडीत बसले. खांद्याला खांदा लागल्याशिवाय त्या गाडीत बसताच येत नाही. नऊ वर्षांचं अंतर असं बोटभरावर आलं, तरी दोघे समोरच्या काचेकडे बघत राहिले. मागच्या गल्लीत सपाटीला गाडी शहाण्यासारखी चालली. चढ लागला आणि इंजिन अडखळायला लागलं, मधेच एखादा घास गिळल्यासारखं.

"हेच," थोरला म्हणाला.

"गरम झाल्यावरच?"

"हो. सकाळी थंड असताना इतकं नाही."

धाकट्याच्या मनात पहिल्यांदा ठिणगीला जोर देणारी कॉइलच आली. ठिणगी अशक्त असली की सपाटीला भागतं, ओझं पडलं की उघडं पडतं. पण या गाडीचं निदान अप्पांना विचारल्याशिवाय करायचं, अशी सवयच नव्हती कुणाला. परत आल्यावर तो केबिनच्या उंबऱ्याबाहेर थांबला.

"दादा, गाडीचं तरी विचारू?"

थोरल्याने घाम पुसला. "गाडीचंच विचार. दोन शब्द उरलेत त्यांच्याकडे, हो आणि नाही."

"त्यातलाही नाहीच जास्त," चहाचे कप घेऊन आलेली वहिनी म्हणाली. "सकाळपासून नन्नाचा पाढा. पाणी हवं? नाही. आणि ग्लास लावला की घटाघटा पितात. पूर्वीपासूनचा स्वभाव, आता काय बदलणार?"

अप्पांचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं. डोळे मात्र पूर्वीचेच होते, समोरच्याने काय चूक केली ते शोधणारे. ते धाकट्यावर येऊन थांबले आणि तिथून हलले नाहीत.

"अप्पा," तो म्हणाला. "चढावर मिसिंग करते. मला आधी कॉइल वाटतेय. कॉइलच का?"

"नाही," अप्पा म्हणाले. आणि मग जोरात, "नाही. नाही."

"मग कार्ब्युरेटर?"

अप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागला. "हो! हो! हो!"

"बघा भावजी, किती दिवसांनी एवढा ठणठणीत हो आला," वहिनी म्हणाली. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तिलाही गहिवरून आलं. "गाडीचं नाव काढलं की माणूस जागा होतो."

धाकट्याला राहवलं नाही. "अप्पा, मी आत येऊ?"

"नाही."

"फक्त गाडीचं म्हटलं होतं ना?" थोरला खेकसला.

धाकटा मागे वळला आणि बॉनेटखाली वाकला. दुपारची वेळ, शेडचे पत्रे तापलेले. मग त्याने कार्ब्युरेटर उघडायला घेतले.

थोरला बाजूच्या गाडीखाली शिरला, पण त्याचं लक्ष हत्यारांच्या आवाजाकडे होतं. तो वाईट माणूस नव्हता. धाकटा वडिलांशी भांडून निघून गेला त्यानंतर गॅरेज यानेच ओढलं, आणि आता अप्पांचं हगणंमुतणंही तोच काढत होता, कपाळाला आठी न घालता. अप्पांनी चांगल्या दिवसांत त्याला कधी 'शाब्बास' म्हटलं नव्हतं. शाब्बासकी त्यांनी उधळली ती धाकट्यावर, तो रागावून गेला तरी. मागच्या महिन्यात अंग पुसून झाल्यावर थोरल्याने हळूच विचारून घेतलं होतं, "अप्पा, मी सगळं नीट सांभाळतोय ना?" आणि अप्पा म्हणाले होते, "हो." त्या एका शब्दावर तो महिनाभर ताठ मानेने वावरत होता. गाडी विकू का, तेही त्याने विचारलं होतं. "हो." याचं सगळ्यांना आश्चर्यच वाटलं होतं, पण माणूस आजारपणात मऊ पडतो, असं घरात ठरलं.

कार्ब्युरेटर दोन होते. धाकट्याने एकेकाची टोपी काढली, आतला पिस्टन वर उचलून सोडून बघितला. तो टक् असा आवाज करत सरळ खाली आला, दोन्हीकडे. तेल होतं, सुई वाकलेली नव्हती, कुठे घाण नव्हती. त्याने पुन्हा जोडून इंजिन चालू केलं, कान लावला. काहीच दोष नाही. आणि त्याने कार्ब्युरेटरला हात लावला की केबिनमधून "हो! हो!" चालूच, दांडीवर हात आपटत, आवाज फुटेपर्यंत.

"हो म्हणतायत ना, मग नीट बघ," थोरला गाडीखालून म्हणाला.

"नीटच बघतोय. यात काही नाही."

"म्हणजे अप्पा चुकले?"

अप्पा मुलांच्या बाबतीत चुकत, गिऱ्हाइकांच्या बाबतीत तर रोजच चुकत, पण या गाडीच्या बाबतीत ते चुकलेले त्याने कधी बघितले नव्हते. त्यांचं डोकंच गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर आपल्याला 'नाही' म्हणणारा हा माणूस आपला बाप उरलाच नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी," तो म्हणाला, "टेबलावर पेन्सिल आहे का एखादी?"

पेन्सिल अप्पांचीच होती, टोकाला चावलेली. धाकट्याने एका प्लगची वायर उपसून किंचित दूर धरली. चालू इंजिनात त्या फटीतून ठिणगी उडत होती. त्याने पेन्सिलीचं टोक त्या ठिणगीत धरलं. ही अप्पांची जुनी तपासणी. शिशाला लागून ठिणगी एका बाजूला केरसुणीसारखी पसरते. प्लगच्या बाजूला पसरली तर सगळं ठीक. वायरीच्या बाजूला पसरली तर ठिणगी उलटी धावतेय, म्हणून अशक्त.

"नाही!" केबिनमधून आरोळी आली. अप्पा खुर्चीत पुढे झुकले होते, पडतील की काय असे. "नाही! नाही! नाही!"

"थांब!" थोरला धावत आला. "बंद कर ते. त्यांना सहन होत नाहीये. तू इथून जा बघू."

"एक मिनिट, दादा."

"जा म्हणतो ना!"

जा म्हटल्यावर जाणाऱ्यातला धाकटा नव्हताच. तो वाकून बघत राहिला. ठिणगी वायरीच्या बाजूला पसरत होती.

त्याने इंजिन बंद केलं. कॉइलवरच्या दोन तारा बघितल्या. नव्या कॉइलवर अधिक आणि वजा ठळक छापलेले असतात, आणि थोरल्याने अधिकची तार किल्लीकडे नेली होती, सगळ्या गाड्यांत नेतात तशी. बॅटरी त्याने आठवणीने उलटी लावली आणि कॉइल सवयीने सुलटी. धाकट्याने तारांची अदलाबदल केली. एवढंच काम.

"कॉइल होती," तो म्हणाला. "उलटी लागली होती."

थोरल्याचा चेहरा पडला. "पण अप्पा तर कॉइलला नाही म्हणाले. मोठ्याने म्हणाले."

"हो ना. आणि आता मी पेन्सिल लावली, बरोबर रस्त्यावर आलो, तेव्हा तीनदा नाही म्हणाले." धाकटा हळूहळू बोलत होता. "आणि दुपारभर मी चुकीच्या ठिकाणी हात घातला की हो, हो."

वहिनीने रिकामे कप उचलले आणि तसेच हातात धरून ठेवले.

धाकटा उंबऱ्याशी गेला. "अप्पा, ही गाडी डिझेलवर चालते?"

"हो."

"हिला चार चाकं आहेत?"

"नाही."

"मी तुमचा मुलगा?"

"नाही," अप्पा म्हणाले आणि रडायला लागले.

"बास कर!" थोरला ओरडला. "काय छळ मांडलायस? त्यांच्या मेंदूला मार बसलाय. तोंडाला येईल ते बोलतात. त्याचा उलटा नाही आणि सुलटा नाही, काहीच अर्थ नाही."

"पंखा," वहिनी एकदम म्हणाली.

"काय पंखा?"

"पंखा लावू का विचारलं की नाही म्हणतात. मी लावत नाही. मग दिवसभर कातावतात. मला वाटायचं, सून म्हणून माझ्यावरच का इतका राग. अहो, उकाड्यात बसवलं मी त्यांना. रोज."

"तू पण याच्या बाजूने?"

"बाजू कसली त्यात? तुम्हीच आठवून बघा ना."

थोरल्याला आठवायचं नव्हतं. आठवलं तर तो महिनाभराचा 'हो' हातातून जात होता. तो काचेला पाठ लावून उभा राहिला. मान खाली. "मी विचारलं होतं, नीट सांभाळतोय ना," तो म्हणाला. "तुमचं खरं मानलं तर मग त्याचं काय?"

धाकट्याचा हात भावाच्या खांद्याकडे गेला, पण तिथवर पोचला नाही.

"मी नाही मानत," थोरला म्हणाला. "एक गाडी आणि एक पंखा. योगायोग आहे. तू तुझं सामान उचल."

आई तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. आरडाओरडा ऐकून ती मघाशीच खाली आली होती आणि सगळं तिच्या कानावर पडलं होतं.

खरं तर तिला कुणी सांगायची गरज नव्हती. चोवीस तास जिचा हात त्या माणसाच्या अंगावर होता, तिला कळल्याशिवाय कसं राहील? नाही म्हणत पाणी पिणारा, हो म्हणत तोंड फिरवणारा नवरा ती रोज बघत होती. बघत होती आणि बाजूला ठेवत होती. कारण रोज सकाळी दाढीचा साबण लावताना ती एकच प्रश्न विचारायची, "माझ्यावर राग आहे का तुमचा?" आणि ते म्हणायचे, "नाही." त्या शब्दाच्या आधाराने तिचा दिवस जायचा. तो आधार खरा की खोटा हे तपासायची तिची छाती नव्हती.

राग असायला कारण होतं. धाकट्याचे फोन तिनेच अडवले होते. अप्पा त्याला परत बोलावतील, दोन भाऊ एका छताखाली आले की घराचे दोन तुकडे होतील, या भीतीने. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. अप्पा विचारायचे, "त्याचा काही निरोप?" आणि ती म्हणायची, "नाही." मग त्या सकाळी त्यांनी स्वतः फोन उचलला. ऐकलं. आणि वळून तिच्याकडे असं बघितलं, की ती स्वयंपाकघराच्या दारातच खिळून राहिली. तोंड उघडलं, काही म्हणणार होते. त्याच क्षणी खाली कोसळले. ते काय म्हणणार होते, हे तिला तेव्हापासून ऐकायचंही होतं आणि नकोही होतं.

धाकटा पेटीची कडी लावत होता. या वेळी गेला तर तो पुन्हा येणार नाही, हे तिला त्याच्या वाकलेल्या पाठीवरून कळलं. आणि अप्पांचे दिवस तरी किती उरले होते?

"थांब रे," आई म्हणाली.

ती थोरल्याच्या समोरून केबिनमध्ये गेली आणि खुर्चीपाशी खाली बसली. पदराने आधी अप्पांचे डोळे पुसले, मग हनुवटीवरची लाळ.

"तो खरं बोलतोय," ती थोरल्याला म्हणाली. "यांचं उलटं येतं. मला माहीत होतं."

"आई, तुलाही आता..."

"ऐक. तुला पुरावा हवाय ना? याचे फोन येत होते. नऊ वर्षं. मी यांना सांगितले नाहीत. हे पडले त्या सकाळी यांना कळलं. यांचा चेहरा मी बघितलाय, माझ्या पोरा, तू नाही बघितलास."

धाकट्याच्या हातातली पेटी जमिनीवर टेकली. "सांगते म्हणायचीस," तो म्हणाला. "दर वेळी सांगते म्हणायचीस."

"म्हणायचे," ती म्हणाली. त्याच्याकडे तिने बघितलं नाही. तिने अप्पांचा डावा हात, तोच दुपारभर दांडीवर आपटून लाल झालेला, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अहो," तिने विचारलं, रोज सकाळी विचारायची त्याच आवाजात, "माझ्यावर राग आहे का तुमचा?"

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारातली ती नजर, जशीच्या तशी. त्यांनी हात सोडवून घेतला.

"नाही," ते म्हणाले. स्पष्ट, एकदाच, वेळ न लावता.

आईने रिकामे हात मांडीवर घेतले. मग खुर्चीच्या दांडीला धरून उठली आणि धाकट्याला आत यायला वाट मिळावी म्हणून दारातून बाजूला झाली.

"आता पटलं?" तिने थोरल्याला विचारलं.